आरसा बाळाकडे, डोळे कुठे?

बाळ मागच्या सीटवर, तुम्ही स्टिअरिंगवर आणि मधे एक छोटा आरसा. चार-पाचशे रुपयांपासून मिळणारी ही वस्तू बारशाला द्यायच्या किंवा गाडीत लावायच्या आधी एवढं वाचाच.

ताई बाळंतपणासाठी माहेरी पाथर्डीला आलेली असते. बाळ अडीच-तीन महिन्यांचं होतं आणि सासरी, चाकणला परत जायची वेळ येते. दाजींना कंपनीत सुट्टी मिळत नाही. मग घरात ठरतं, ‘मामा सोडेल की गाडीने!’ हा मामा म्हणजे तुम्ही. लायसन्स काढून दोन-तीन वर्षं झालेली, करंजी घाट पाठ झालेला, नगर-पुणे रोडवर चहा कुठे चांगला मिळतो तेही माहीत. फक्त या वेळी गाडीत बाळ आहे आणि ही गोष्ट तुमच्यासाठी एकदम नवीन आहे.

अशा हौशी मामा-मावशी, काका-आत्यांसाठी ऑनलाइन बाजारात एक वस्तू सध्या जोरात आहे. बेबी मिरर. मागच्या सीटच्या हेडरेस्टला पट्ट्यांनी बांधायचा आरसा. बाळ त्यात दिसतं आणि ते प्रतिबिंब तुमच्या डोक्यावरच्या रिअर व्ह्यू मिररमध्ये दिसतं. म्हणजे मान न वळवता बाळ झोपलंय की जागं आहे, हे कळणार. जाहिरातीत सगळं छान दिसतं. आई गाडी चालवतेय, आरशात बाळ हसतंय, रस्ता रिकामा आहे.

आपले रस्ते रिकामे नसतात, एवढं तर तुम्हालाही माहिती आहे. म्हणून या आरशाबद्दल जरा नीट बोलू.

हा आरसा आला कुठून?

आरशाची गरज का पडली, ते आधी समजून घ्या, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

तान्ह्या बाळाची कार सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात. म्हणजे बाळाची पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड मागच्या सीटच्या पाठीकडे. हे बघायला विचित्र वाटतं. घरातली मोठी माणसं तर हमखास म्हणणार, ‘लेकराला उलटं काय बसवलंय?’ पण त्याला कारण आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान एकदम नाजूक. गाडी समोरून आदळली, की सगळं पुढे फेकलं जातं. बाळ पुढे तोंड करून बसलेलं असेल तर पट्टे अंग धरून ठेवतात, पण ते जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या बसवलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं एकदमच सीटच्या कवचात दाबलं जातं आणि धक्का पाठभर वाटला जातो. युरोपातल्या नव्या नियमांत किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाला असंच बसवायला सांगितलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते, त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत बाळ उलटंच राहू द्या.

पूर्वी अमेरिकेत लोक ही उलटी सीट सरळ पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायचे. बाळ डोळ्यांसमोर राहायचं. १९९०च्या दशकात गाड्यांमध्ये शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग यायला लागल्या. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड वेगाने फुगते. ती थेट उलट्या सीटच्या पाठीवर आदळून बाळं दगावली. मग सगळीकडून सांगणं सुरू झालं, की मुलं मागच्याच सीटवर बसवा. बाळ मागे गेलं, त्यात तोंडही मागे, त्यामुळे ड्रायव्हरला दिसेना. आई-बापांचा जीव वर-खाली व्हायला लागला आणि बाजाराने त्यावर आरसा आणून दिला.

तर पहिली गोष्ट ही, की बाळ सुरक्षित बसवल्यामुळे ते दिसत नाही. दिसावं म्हणून त्याला पुढे तोंड करून बसवणं किंवा पुढच्या सीटवर आणणं हा त्यावरचा उपाय नाही. असं करण्यापेक्षा आरसा शंभर पट बरा. पण आरशाचेही स्वतःचे दोन प्रश्न आहेत.

प्रश्न पहिला : धडकेत आरसा कुठे जातो?

अकरावीचं फिजिक्स आठवा. गाडी थांबली तरी गाडीतल्या सुट्या वस्तू थांबत नाहीत, त्या आधीच्याच वेगाने पुढे जातात. आता आरसा कुठे आहे बघा. मागच्या हेडरेस्टवर. त्याच्या अगदी समोर, हातभर अंतरावर काय आहे? बाळाचा चेहरा. गाडी समोरून आदळली आणि आरसा पट्ट्यांतून निसटला, तर तो नेमका तिकडेच जाणार. उलट्या सीटचं कवच बाळाला पाठीमागून सांभाळतं. चेहऱ्याची बाजू मात्र उघडीच असते.

‘अहो पण आरसा केवढासा तो!’ असं वाटत असेल, तर हा हिशोब बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाने एखादी वस्तू आदळणं म्हणजे ती साधारण १० मीटर उंचीवरून पडण्यासारखं आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. पाव किलोचा आरसा तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतोय, तर त्याखाली आपण बाळ ठेवू का?

मागून कुणी ठोकलं तरी वेगळी कथा नाही. तेव्हा बाळाची सीट मागच्या सीटच्या पाठीकडे झुकते आणि मधे जे काही टणक असेल त्यावर आपटू शकते.

आरसा घट्ट बांधला तर? तर धोका नक्की कमी होतो. पण आपल्याकडे इथेच गोची आहे. अनेक छोट्या गाड्यांत मागचा हेडरेस्ट वेगळा नसतो, तो सीटच्या पाठीतच जोडलेला असतो. पट्टी आडवी-उभी दोन्हीकडून आवळायला दांडेच नसतात. मग लोक एकच पट्टी कशीबशी अडकवतात, नाहीतर रबरी चोषक लावून मागच्या काचेला चिकटवतात. नगरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर तो चोषक किती वेळ टिकणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि फक्त आरशालाच नावं का ठेवायची? शिर्डीहून परत येताना मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला नारळ, स्टीलचा डबा, पाण्याची भरलेली बाटली, ब्लूटूथ स्पीकर, छत्री. यातली एकेक वस्तू आरशापेक्षा जड आहे आणि ती बांधलेलीही नाही. बाळ गाडीत असेल तर ती फळी आधी रिकामी करा. सामान डिकीत, खाली.

प्रश्न दुसरा : डोळे

आता ड्रायव्हरकडे या. आरसा पुढे असो की मागे, त्यात बघायला डोळे तुमचेच लागतात आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी बघू शकतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. म्हणजे क्रिकेटच्या दीड पिचपेक्षा जास्त. ८०च्या वेगाला ४४ मीटर. आणि कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मर्यादा आहे. त्या वेगात दोन सेकंद म्हणजे ६७ मीटर, तीन पिचपेक्षा जास्त अंतर. तेवढं अंतर तुम्ही रस्ता न बघता गेलात. दोन सेकंदच का? कारण अमेरिकेत खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून जो अभ्यास झाला, त्यात दिसलं, की नजर रस्त्यावरून सलग दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली, की अपघाताची किंवा थोडक्यात वाचण्याची शक्यता दुपटीने वाढते.

बाळ बघायला दोन सेकंद लागतात का? साध्या आरशात मागची गाडी बघणं एक झटक्याचं काम आहे. बेबी मिररचं तसं नाही. तो बाहेरगोल असतो, त्यात बाळ लहान आणि जरा वाकडं दिसतं. शिवाय तुम्ही बघताय ते आरशातलं आरशात. ‘डोळे मिटलेत का? मान पडलीय का? तोंडावर दुपटं आलंय का?’ हे सगळं कळायला एक नजर पुरत नाही. आणि बाळ गोड असेल (ते असतंच!) तर नजर लवकर परतही येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने मुलांना घेऊन गाडी चालवणाऱ्या पालकांचा असाच अभ्यास केला. सरासरी १६ मिनिटांच्या प्रवासात पालकांची नजर ३ मिनिटं २२ सेकंद रस्त्यावर नव्हती. त्यांचं सगळ्यात जास्त वेळा लक्ष गेलं ते मागे वळून मुलाकडे बघण्यात किंवा रिअर व्ह्यू मिररमधून त्याच्यावर नजर ठेवण्यात. मोबाइलपेक्षा मुलंच कितीतरी जास्त लक्ष वेधून घेतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपण मोबाइलवर बोलणाऱ्याला शिव्या घालतो. आरशात बाळाशी ‘आऽऽगं बाई, उठलं का माझं सोनं’ करणाऱ्याला मात्र आपण प्रेमळ म्हणतो.

आता हेच नगर-मनमाड रोडवर आणून बघा. खड्डा कधी येईल सांगता येत नाही. कारखाने सुरू झाले, की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. रात्री त्यांच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. शिर्डीकडे चालत निघालेल्या पालख्या असतात, शिंगणापूरच्या फाट्यावर अचानक वळणाऱ्या गाड्या असतात. इथे ४४ मीटर न बघता जाणं परवडणारं नाही. आणि रात्री मागच्या गाडीचा अप्पर लाइट बाळाच्या आरशावर पडून सरळ तुमच्या डोळ्यांत चमकतो, तो त्रास वेगळाच.

मग मान वळवून बघायचं का?

नाही! आरशाच्या बाजूने बोलणारे हेच म्हणतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. बाळ रडलं, की माणूस बघणारच. आरसा नसेल तर तो मान वळवेल, एक हात मागे नेईल, गाडी लेन सोडेल. त्यापेक्षा आरशात बघणं कमी वाईट. शिवाय एकटीच गाडी चालवणारी आई असेल, बाळ सारखं उलटी करणारं असेल, तर तिची काळजी ‘उगाच’ म्हणून उडवून लावता येत नाही. तान्ह्या बाळाची मान पुढे पडली तर श्वासाला खरंच अडचण होऊ शकते.

पण ही अडचण आरसा सोडवत नाही, तो फक्त दाखवतो. दिसल्यावरही गाडी थांबवावीच लागते. मान पडू नये याची सोय निघण्याआधी करायची असते. सीटचा कल कंपनीच्या पुस्तिकेत दिलाय तसाच हवा, पट्टे अंगाबरोबर हवेत, जाड स्वेटर किंवा दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे लावायचे नाहीत. आणि दर दोन तासांच्या आत थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढायचं. पाथर्डीहून निघालात तर नगरला एक थांबा, शिरूरच्या आसपास दुसरा. घाई कसली आहे?

आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी परदेशातल्या एकट्या आईकडे नसते. माणसं. आजी असते, आत्या असते, गावाकडून ‘मीही येते पुण्याला’ म्हणणारी मावशी असते. त्यातली एक जण बाळाशेजारी मागे बसली, सीटबेल्ट लावून, की आरशाची गरजच संपते. तिला बाळ दिसतं, तोंडावरचं दुपटं बाजूला करता येतं. तुम्ही मागे अजिबात बघायचं नाही, हा करार निघतानाच करून टाका.

आपला खरा प्रश्न आरशाच्याही आधीचा

खरं सांगायचं तर आपल्याकडे बेबी मिररचा प्रश्न फार थोड्या घरांत येतो, कारण कार सीटच नसते. बाळ कुठे असतं? आईच्या मांडीवर. आणि आई बऱ्याचदा पुढे, एसीजवळ, ‘तिला मागे मळमळतं’ म्हणून.

‘मी घट्ट धरलंय ना’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण हिशोबात बसत नाही. ताशी ५० किलोमीटरचा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर ७ किलोचं बाळ हाताला साधारण १०० किलोचं लागतं. एवढं वजन कुठलीही आई, कुठलाही पैलवान बसल्या जागी हातात धरून ठेवू शकत नाही. आणि पुढच्या सीटवर असाल तर बाळ तुमच्या आणि एअरबॅगच्या मधे सापडतं. २०२२ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पुढे दोन एअरबॅग असतातच. म्हणजे अमेरिकेत जे १९९०च्या दशकात घडलं, त्याची सगळी तयारी आपण करून ठेवलीय.

मागे बसलं की बेल्ट लागत नाही, हा आपला आणखी एक लाडका समज. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. गाडी महागडी होती, नामांकित होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, दोघंही गेले. त्याच वर्षी देशात सीटबेल्ट न लावता मरण पावलेल्यांची संख्या सरकारी अहवालात १६,७१५ आहे; त्यातले जवळपास निम्मे ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या सुरक्षित सीटशिवाय गाडीत असेल, तर १,००० रुपये दंड आहे. आणि तो गाडी चालवणाऱ्याला, म्हणजे मामालाच. पावती कुणी फाडत नाही म्हणून हा नियम कुणाला माहीत नाही, एवढंच.

परीक्षा नगरमध्येच होते, पण आरशाची नाही

दौंड रोडला वाहननगर ही पाटी तुम्ही पाहिली असेल. तिथे डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे कुठल्याही नव्या गाडीचा नमुना बाजारात येण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. देशातल्या अशा मोजक्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयच्या बरोबरीने आपल्या नगरच्या व्हीआरडीईचं नाव आहे. नगरकरांनी मिरवावी अशी ही गोष्ट आहे.

गाडीच्या बेल्टला मानक आहे. मुलांच्या सीटसाठी आपल्याकडे एआयएस-०७२ हे मानक आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. त्यात मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे बसवून गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळवतात आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण देतात. तुम्ही गाडी घेताना मोठ्यांचे स्टार बघता, मुलांचे वेगळे दिलेले असतात, तेही बघा.

पण बाहेरून आणून बांधलेला आरसा या कुठल्याच परीक्षेला बसत नाही. म्हणूनच कार सीट बनवणाऱ्या कंपन्या पुस्तिकेत लिहितात, की आमच्या सीटबरोबर न तपासलेल्या जोडवस्तू वापरू नका. आरशाच्या खोक्यावर ‘क्रॅश टेस्टेड’ असं छापलेलं दिसलं, तर विचारा, कुठे, कुठल्या मानकाप्रमाणे? उत्तर नसेल तर ती नुसती जाहिरात.

आरसा लावायचाच असेल तर…

• काचेचा नको. न फुटणारा, हलका, कडा मऊ असलेला घ्या. दिवे, गाणी, लोंबणारी खेळणी असलेला तर नकोच.

• हेडरेस्ट वेगळा असेल आणि पट्टी आडवी-उभी दोन्हीकडून आवळता येत असेल तरच लावा. चोषकाने काचेला चिकटवू नका.

• लावल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा. हलला तर काढून टाका. दर प्रवासाआधी पुन्हा ओढून बघा, पट्ट्या सैल होतात.

• रिअर व्ह्यू मिरर बाळाकडे फिरवू नका. तो मागच्या ट्रॅफिकसाठी आहे. मागची काचच झाकली जात असेल तर बेबी मिरर चुकीच्या जागी आहे.

• गाडी उभी असतानाच बघा. सिग्नलला, टोलनाक्यावर. चालत्या गाडीत ‘बघून घेऊ एकदा’ नाही.

• बाळ रडलं तर रडू द्या आणि थांबायला नीट जागा शोधा. पेट्रोल पंप, हॉटेल, सेवा केंद्र. समृद्धीच्या कडेला गाडी उभी करणं म्हणजे एका धोक्यातून दुसऱ्यात. रडणारं बाळ श्वास घेतंय, एवढं तरी नक्की असतं.

• मूल मोठं होऊन सीट पुढे तोंड करून लावली, की आरसा काढून टाका. त्याचं काम संपलं.

बारशाला काय द्यायचं?

चार-पाचशेचा आरसा देण्यापेक्षा असं करा. भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. चौघा-पाचजणांनी मिळून एक साधी, पण मानकाचं लेबल असलेली कार सीट घ्या. युरोपच्या आर-४४ किंवा आर-१२९ मानकाचं नारिंगी लेबल असलेल्या सीटही इथे मिळतात. चार-पाच हजारांपासून पुढे किमती आहेत. वापरलेली घेणार असाल तर ती अपघातातली नाही ना, मुदत संपलेली नाही ना, हे बघा. हो, कार सीटला मुदत असते आणि ती सीटवर छापलेली असते. आधी गाडीत बसते का, ते दुकानात गाडी नेऊन बघा, कारण प्रत्येक सीट प्रत्येक गाडीत बसत नाही. रविवारी सकाळी तासभर बसून पुस्तिका वाचा आणि सीट स्वतः लावून बघा. ताईला, दाजींना, आजीलाही लावायला शिकवा.

घरात कुणीतरी म्हणेलच, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी वाढलात ना?’ त्यांच्याशी वाद घालू नका. तेव्हा नगरहून पुण्याला आपण एसटीने जात होतो आणि रस्त्यावर १२०ने धावणाऱ्या गाड्या नव्हत्या, एवढंच सांगा. मग आजीला मागे बाळाशेजारी बसवा, तिचा बेल्ट लावा, आणि गाडी काढा.